एका घरातील दोन अहवाल

पती-पत्नींपैकी एकाच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळावा आणि दुसऱ्याचा अहवाल निर्दोष यावा, हा प्रसंग राज्यातील चाचणी केंद्रांना नवा नाही. समुपदेशक अशा जोडप्याला ‘डिस्कॉर्डंट जोडपे’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांच्यासाठी ‘भिन्नस्थिती दाम्पत्य’ हा शब्द योजला आहे. ज्याला लागण झाली आहे तो ‘बाधित’ जोडीदार आणि ज्याला झालेली नाही तो ‘अबाधित’ जोडीदार. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या आणि राज्यवार पाहता त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात होती. यांतील अनेकांचे संसार आहेत. म्हणून हा प्रश्न रुग्णालयापुरता मर्यादित नाही. तो घराचा व गावाचाही आहे.

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली. त्यानंतरची पंचवीस वर्षे भिन्नस्थिती दाम्पत्याला देण्याजोगे सल्ले मोजकेच होते : निरोध वापरा, संयम पाळा, मुलाचा विचार सोडून द्या. २०११ हे वर्ष या बाबतीत वळणाचे ठरले. त्या वर्षी दोन मोठ्या संशोधनांचे निष्कर्ष हाती आले आणि अबाधित जोडीदाराला औषधांच्या साहाय्याने सुरक्षित ठेवता येते, हे सिद्ध झाले. त्या संशोधनांचा, त्यांतून निघणाऱ्या बोधाचा आणि आपल्या कर्तव्याचा विचार पुढे केला आहे. त्यातून पुन्हा पुन्हा समोर येणारी एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. औषधाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु पती-पत्नींनी एकमेकांना विश्वासात घेतल्याखेरीज ते पुरतेपणी कामी येत नाही. आणि हा विश्वास टिकेल असे वातावरण निर्माण करणे बऱ्याच अंशी गावाच्या हाती आहे.

अहवाल भिन्न का येतात?

भिन्न अहवाल आले की दोन तर्क हमखास ऐकू येतात. पहिला, चाचणीत काहीतरी चूक झाली असावी. दुसरा, अबाधित जोडीदाराच्या अंगी काही विशेष शक्ती असावी, त्यामुळे त्याला पुढेही काही होणार नाही. हे दोन्ही तर्क बहुधा निराधार असतात. एचआयव्हीचा प्रसार प्रत्येक शरीरसंबंधातून होत नाही. स्त्री-पुरुष संबंधांत, उपचार सुरू नसताना, दर दहा हजार संबंधांमागे सरासरी दहापेक्षाही कमी वेळा लागण होते. त्यामुळे वर्षानुवर्षे एकत्र राहूनही एक जोडीदार अबाधित असू शकतो.

तथापि ही सरासरी फसवी आहे. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असते. गुप्तरोगामुळे जननेंद्रियांवर व्रण असल्यास धोका आणखी वाढतो. आज टळलेली लागण उद्या टळेलच असे नाही. शिवाय नुकतीच झालेली लागण चाचणीत लगेच दिसत नाही. म्हणून पहिला अहवाल निर्दोष आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रक्ताचा अहवाल विषाणू आहे की नाही एवढेच सांगतो. तो केव्हा आला, कोणाकडून आला, कोणत्या मार्गाने आला, हे सांगत नाही. आपल्याकडे गरोदर स्त्रियांची चाचणी नेमाने होते. त्यामुळे पुष्कळ घरांत पहिला अहवाल सुनेचा येतो आणि सारा दोष तिच्या माथी मारला जातो. पतीची चाचणी मागाहून होते, कित्येकदा होतच नाही. पतीचा अहवाल निर्दोष आला तर तिला माहेरी धाडण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः ज्या घरात अहवाल भिन्न आले आहेत त्या घरात अजून बरेच काही वाचवता येण्यासारखे असते. ते वाचवण्याची साधने कोणती, हे आता पाहू.

पहिले साधन : बाधित जोडीदाराचा उपचार

उपचारामुळे रुग्णाच्या रक्तातील विषाणू घटतात, तेव्हा प्रसारही घटला पाहिजे, असे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून वाटत होते. परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा मिळवण्यासाठी अमेरिकेतील डॉ. मायरॉन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली ‘एचपीटीएन ०५२’ या नावाचे संशोधन हाती घेण्यात आले. त्यात भारतासह नऊ देशांतील १,७६३ भिन्नस्थिती दाम्पत्यांनी भाग घेतला. भारतातील केंद्रे चेन्नई आणि पुणे येथे होती. पुण्यातील काम त्या वेळी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत झाले. जगभरातील उपचारपद्धती बदलणाऱ्या या संशोधनात महाराष्ट्रातील दाम्पत्यांचाही वाटा आहे, ही नोंद आपण ठेवली पाहिजे.

संशोधनाची रचना सोपी होती. बाधित जोडीदारांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाला विषाणुरोधक औषधे तत्काळ सुरू केली. दुसऱ्या गटाला, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, रोगप्रतिकारक सीडी-४ पेशींची संख्या बरीच घटल्यावर किंवा आजार दिसू लागल्यावर औषधे द्यावयाची होती. दोन्ही गटांना समुपदेशन व निरोध मिळत होते. २०११ च्या मे महिन्यात निष्कर्ष जाहीर झाले. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे विषाणूच्या तपासणीने सिद्ध झालेली २८ प्रकरणे आढळली. त्यांपैकी २७ उशिरा उपचार घेणाऱ्या गटातील होती आणि अवघे एक तत्काळ उपचार घेणाऱ्या गटातील. प्रसारात ९६ टक्के घट झाली होती. फरक इतका स्पष्ट होता की सर्वच बाधितांना औषधे देऊ करण्यात आली.

पुढे २०१६ मध्ये या दाम्पत्यांची अंतिम माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तातील विषाणू औषधांनी स्थिरपणे दबलेला होता अशा बाधितांकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. उपचार सुरू होऊनही जी आठ प्रकरणे घडली, त्यांपैकी चार विषाणू पुरता दबण्यापूर्वीची होती आणि चार उपचार निष्फळ ठरल्यानंतरची. युरोपातील चौदा देशांत २०१० ते २०१४ या काळात झालेल्या ‘पार्टनर’ नामक अभ्यासाचाही निष्कर्ष हाच होता. तेथे निरोधाविना झालेल्या सुमारे ५८ हजार संबंधांत, विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. नियमित औषध घेणाऱ्या ज्या व्यक्तीच्या रक्तात चाचणीला विषाणू आढळत नाही, तिच्याकडून लैंगिक मार्गाने जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

भारतात शासकीय केंद्रांतून विनामूल्य विषाणुरोधक उपचार १ एप्रिल २००४ पासून मिळू लागला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक होते. एप्रिल २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, अहवाल बाधित येताच उपचार सुरू करण्याचे धोरण देशाने स्वीकारले. आता बहुसंख्य प्रौढ रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी दिवसातून एकदाच घ्यावी लागते. उपचाराच्या सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजले जाते. ही मोजणी म्हणजेच दाम्पत्याच्या सुरक्षिततेचे खरे प्रमाणपत्र होय.

दुसरे साधन : अबाधित जोडीदाराची गोळी

दुसऱ्या संशोधनाने प्रश्न उलट बाजूने घेतला. बाधित व्यक्तीला देतात त्यांपैकीच काही औषधे अबाधित व्यक्तीने आधीपासून घेतली तर काय होईल? विषाणू शरीरात शिरला तरी पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढल्याखेरीज त्याला बस्तान बसवता येत नाही. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही औषधे पेशीत आधीच हजर असली तर या कामी खीळ बसते आणि लागण होत नाही. या पद्धतीला वैद्यकीय व्यवहारात ‘प्रेप’ म्हणतात. मलेरियाच्या प्रदेशात जाणारा प्रवासी आधीपासून गोळ्या घेतो, त्यासारखाच हा प्रकार.

केनिया आणि युगांडा या देशांत २००८ ते २०११ या काळात ‘पार्टनर्स प्रेप’ हे संशोधन झाले. त्यात ४,७४७ भिन्नस्थिती दाम्पत्यांचा मागोवा घेण्यात आला. अबाधित जोडीदारांचे तीन गट होते : एकाला केवळ टेनोफोव्हिर, दुसऱ्याला दोन औषधांची एकत्रित गोळी, तिसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात १७, दुसऱ्यात १३ आणि तिसऱ्यात ५२ जणांना लागण झाली. म्हणजेच एका औषधाने ६७ टक्के, तर दोन औषधांनी ७५ टक्के संरक्षण मिळाले. हे संरक्षण स्त्रियांना व पुरुषांना सारखेच लाभले. रक्तात औषध प्रत्यक्ष आढळले अशांचा वेगळा हिशेब केला तेव्हा संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास गेले. १६ जुलै २०१२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीला प्रतिबंधक म्हणून मान्यता दिली, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भिन्नस्थिती दाम्पत्यांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि २०१५ मध्ये लागणीचा मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली.

तीच गोळी अन्यत्र का फसली?

या यशाबरोबरच त्याच काळातील दोन अपयशांचा अभ्यास करणे आवश्यक आहे. किंबहुना आपल्या दृष्टीने खरा धडा तेथेच आहे. केनिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील २,१२० स्त्रियांमध्ये ‘फेम-प्रेप’ हे संशोधन चालू होते. गोळी तीच, दोन औषधांची. तरीही औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांत फरक पडत नसल्याचे दिसून आले आणि एप्रिल २०११ मध्ये ते थांबवण्यात आले. दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील पाच हजारांवर स्त्रियांच्या ‘व्हॉइस’ या संशोधनाचा निष्कर्षही २०१३ मध्ये असाच निराशाजनक आला.

औषध निरुपयोगी होते काय? रक्ततपासणीने उत्तर दिले. फेम-प्रेपमधील चाळीस टक्क्यांहूनही कमी स्त्रियांच्या रक्तात अलीकडे गोळी घेतल्याचा पुरावा मिळाला. व्हॉइसमध्ये हे प्रमाण सुमारे तीस टक्के किंवा त्याहून कमी होते. याउलट पार्टनर्स प्रेपमध्ये तपासलेल्या बहुसंख्य नमुन्यांत औषध आढळले होते. गोळ्या घरी नेल्या जात होत्या, पण पोटात जात नव्हत्या. मागाहून झालेल्या मुलाखतींतून कारणे समजली. एचआयव्हीची गोळी जवळ दिसली तर लोक आपल्यालाच रोगी समजतील, ही भीती होती. पतीचा किंवा जोडीदाराचा विरोध होता. घरी गोळी लपवावी लागत होती.

पार्टनर्स प्रेपमधील दाम्पत्यांची स्थिती वेगळी होती. तेथे दोघांनाही एकमेकांचे अहवाल माहीत होते. दोघे मिळून केंद्रावर येत. गोळी लपवण्याचे कारण नव्हते. उलट एकाने दुसऱ्याला आठवण करून द्यावी, असा तो व्यवहार होता. भिन्न परिस्थितीतील संशोधनांची तुलना सावधपणेच केली पाहिजे, हे खरे. तरीही एक सूत्र स्पष्ट दिसते. जेथे घरात उघड बोलणे झाले तेथे औषध पोटात गेले आणि जेथे ते लपवावे लागले तेथे ते डबीतच राहिले.

सहा महिन्यांचा पूल

आता साहजिक शंका येते : बाधित जोडीदाराच्या उपचाराने धोका शून्यावर येत असेल तर अबाधित जोडीदाराने गोळी का घ्यावी? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. उपचार सुरू केला त्याच दिवशी विषाणू दबत नाही. त्याला काही महिने लागतात. एचपीटीएन संशोधनातील जी चार प्रकरणे विषाणू दबण्यापूर्वी घडली, ती याच मधल्या काळातील होती.

ही फट बुजवण्यासाठी केनिया व युगांडातच एक पुढचा प्रयोग झाला. १,०१३ दाम्पत्यांतील बाधितांना उपचार देऊ केला आणि अबाधितांना प्रेपची गोळी. बाधिताचा उपचार सहा महिने नियमित झाला की अबाधिताची गोळी थांबवायची. एकाचा उपचार स्थिरावेपर्यंत दुसऱ्यासाठी हा तात्पुरता पूल होता. अन्यथा जितक्या लागणी अपेक्षित होत्या त्यांच्या तुलनेत सुमारे ९६ टक्के घट झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून अबाधिताची गोळी ही बहुतेक दाम्पत्यांच्या बाबतीत आयुष्यभराची नसते. बाधिताचा उपचार नुकताच सुरू झाला असेल, रक्तातील विषाणूंचे प्रमाण अद्याप मोजले गेले नसेल, औषधे वारंवार चुकत असतील, बाधित व्यक्ती उपचारास तयार नसेल किंवा दाम्पत्याला अपत्य हवे असेल, अशा वेळी तिचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

गोळीचे नियम

या गोळीविषयी काही मूलभूत नियम गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक असावेत.

१. गोळी सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची चाचणी करून अहवाल निर्दोष असल्याची खात्री केलीच पाहिजे. आधीच लागण झालेल्या व्यक्तीने ही दोनच औषधे घेतल्यास विषाणू त्यांना दाद देईनासा होण्याचा संभव असतो. त्यानंतर दर तीन महिन्यांनी चाचणी करावी.

२. मूत्रपिंडाचे कार्य आणि हिपॅटायटिस ‘बी’ यांची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस ‘बी’ असलेल्या व्यक्तीने गोळी एकाएकी बंद केल्यास यकृताचा आजार बळावू शकतो.

३. गोळी रोज, शक्यतो ठरल्या वेळी घ्यावी. स्त्रियांच्या बाबतीत किमान सात दिवस नियमित गोळी घेण्यापूर्वी संरक्षण मिळाले असे मानू नये.

४. पतीच्या उपचाराच्या डबीतील गोळी पत्नीने, किंवा पत्नीच्या डबीतील पतीने, कधीही घेऊ नये. ती गोळी वेगळी असते. शिवाय अशा वाटणीत बाधिताचा उपचार अपुरा पडतो आणि दोघांचेही नुकसान होते.

५. ही गोळी इतर गुप्तरोगांपासून किंवा गर्भधारणेपासून संरक्षण देत नाही. निरोधाचे महत्त्व त्यामुळे कायम राहते.

६. प्रेप आणि ‘पेप’ यांत गल्लत करू नये. प्रेप संभाव्य संसर्गापूर्वी घ्यावयाची असते. निरोध फाटणे, बलात्कार किंवा सुई टोचणे असा प्रसंग घडून गेल्यावर जो उपचार ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, सुरू करून २८ दिवस चालवायचा असतो, तो पेप.

७. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी. कोणाला, केव्हा आणि कोठून मिळेल याची चौकशी जवळच्या एआरटी केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करावी.

अपत्याची इच्छा

भिन्नस्थिती दाम्पत्याच्या घरी सर्वांत अवघड प्रश्न मुलाचा असतो. नातेवाइकांचा आग्रह वाढत जातो आणि कारण सांगता येत नाही. मग ही दाम्पत्ये कोणाचाही सल्ला न घेता निरोध सोडून देतात. धोका नेमका येथे उद्भवतो. गरोदरपणात स्त्रीला नव्याने लागण झाली तर तिच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोठे असते आणि बाळालाही लागण होण्याची भीती वाढते.

आज या दाम्पत्यांना मूल नाकारण्याचे कारण उरलेले नाही. बाधिताचा विषाणू उपचाराने दबू द्यावा, अहवाल पाहून गर्भधारणेची वेळ ठरवावी आणि आवश्यक वाटल्यास त्या काळापुरती अबाधित जोडीदाराला गोळी द्यावी, असा मार्ग डॉक्टर आखून देऊ शकतात. आई बाधित असेल आणि काहीच उपाय केले नाहीत तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ते पाच टक्क्यांखाली आणता येते.

नवी साधने

रोजची गोळी ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दीर्घकाळ परिणाम टिकवणारी साधने पुढे येत आहेत. दर दोन महिन्यांनी घ्यावयाच्या कॅबोटेग्राव्हिर या इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकापाव्हिर या इंजेक्शनच्या दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत, ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. २०२५ मध्ये संघटनेने त्याचीही शिफारस केली. त्याचे स्वस्त उत्पादन करण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याच्या एका कंपनीचाही समावेश आहे. गोळीची डबी लपवण्याचा प्रश्न या साधनांनी सुटेल. घरातील संवादाची गरज मात्र त्यांनीही संपणार नाही.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम संसदेने २०१७ मध्ये संमत केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. भिन्नस्थिती दाम्पत्याच्या दृष्टीने त्यातील पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

कायद्याने ज्यांना संरक्षण दिले आहे त्यांत बाधित व्यक्तीप्रमाणेच तिच्यासह राहणारी अबाधित व्यक्तीही येते. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, सार्वजनिक सोयी, निवास यांबाबतीत दोघांपैकी कोणाशीही भेदभाव करता येत नाही. संरक्षित व्यक्तीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. अहवाल बाधित आला म्हणून सुनेला घराबाहेर काढणे कायद्याला मान्य नाही. संमतीशिवाय कोणाचीही चाचणी करता येत नाही. बाधितांविषयी द्वेष पसरवणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते.

अहवाल जोडीदाराला कळवण्याविषयीची तरतूद विशेष विचारपूर्वक केलेली आहे. बाधिताने आपण होऊन सांगावे, हे अपेक्षित आहे व त्यासाठी समुपदेशक त्याला साहाय्य करतो. तो सांगणारच नाही अशी खात्री पटली आणि जोडीदाराला मोठा धोका असला, तर डॉक्टर किंवा समुपदेशक बाधिताला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला माहिती देऊ शकतात. तथापि अशा माहितीमुळे, विशेषतः स्त्रीला, मारहाण किंवा परित्याग सोसावा लागण्याची रास्त भीती असेल, तर ती माहिती देऊ नये, असेही कायदा सांगतो. हा अधिकार डॉक्टर व समुपदेशक यांचाच आहे. सरपंच, शिक्षक, आशा कार्यकर्ती किंवा शेजारी यांपैकी कोणालाही तो नाही.

आपले काम

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण येथे निम्मीच लागू पडते. गावाच्या बाबतीत ती खरी आहे : कोणाचा अहवाल काय आला, हे गावाला कळण्याचे काहीच कारण नाही. पती-पत्नींच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. गावाने तोंड बंद ठेवले तरच घरात तोंड उघडते. अहवाल सांगितला की चारचौघांत बभ्रा होईल अशी धास्ती असेल, तर पती पत्नीला सांगणार नाही, पत्नी पतीला सांगणार नाही आणि शासनाने दिलेली गोळी फडताळातच राहील.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व्यक्तींची चर्चा न करता सोयींची माहिती द्यावी : जवळचे चाचणी केंद्र कोठे आहे, एआरटी केंद्र कोठे आहे आणि राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीचा १०९७ हा निःशुल्क क्रमांक कोणता. दाम्पत्याने एकत्र चाचणीला जाणे ही शहाणपणाची गोष्ट आहे, एवढा विचार रुजला तरी सुनेवर येणारा दोष बराच कमी होईल.

तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी स्थलांतराकडे लक्ष पुरवावे. ऊसतोडीसाठी पाच-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबांत उपचार खंडित होण्याचा संभव मोठा असतो आणि खंड पडला की दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. ज्यांचा उपचार स्थिरावला आहे त्यांना एकाच वेळी अधिक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय असते. कारखान्याजवळच्या केंद्रातून औषध घेण्याची व्यवस्थाही करता येते. हंगामापूर्वी या सोयींची माहिती मिळाल्यास दोन्ही जोडीदारांचे रक्षण होईल.

शिक्षकांचे काम अधिक दूरचे आहे. रोगाची माहिती दोष न देता कशी सांगावी, याचा संस्कार वर्गात होतो. अहवाल म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे आज जो विद्यार्थी शिकेल तो उद्या पती होईल, दीर होईल, सासरा होईल.

भिन्नस्थिती दाम्पत्यातील अबाधित जोडीदार आयुष्यभर अबाधित राहू शकतो, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. त्या कार्यात पुण्याच्या केंद्रात येणाऱ्या दाम्पत्यांनीही आपला विश्वास व वेळ दिला. त्यांनी मिळवून दिलेल्या या ज्ञानाचा लाभ राज्यातील प्रत्येक अशा घरापर्यंत पोहोचवणे आणि तो पोहोचवताना त्या घराची अब्रू राखणे, ही आपणा सर्वांची संयुक्त जबाबदारी होय.